पहिल्या रिंगला

१

ही गोष्ट खरी आहे. अगदी अक्षर न् अक्षर. जव्हारच्या डेपोतून एस.टी. ड्रायव्हरशिवाय सुटली आणि सरळ मोखाड्याला येऊन थांबली, ही जी गोष्ट मी सांगत असे ती खोटी होती, मान्य. तीत ड्रायव्हर होता. पण ही तशी नव्हे. ही मला रोहिदासने स्वतः सांगितली, मोखाड्यात कोंडीमावशीच्या चहाच्या टपरीवर, माझ्यासमोर बसून, मंगळवारी. म्हणजे गुरुवारी, कारण मंगळवारी मावशी टपरी उघडत नाही. त्याच्या हातात चहाचा ग्लास होता, ग्लासात खारी बुडवलेली होती, आणि सांगता सांगता ती खारी विरघळून तळाला गेली तरी त्याचं लक्ष नव्हतं. इतकं बारीक मी कशाला रचीन?

रोहिदास साखरशेतचा. बाप अजून नागली आणि भात करतो, हा मात्र शिकून कॉम्प्युटरच्या नादाला लागला. तहसील कचेरीच्या अलीकडे झेरॉक्सच्या दुकानावर पत्र्याची एक खोली आहे. ठाण्याच्या एका कंपनीने ती भाड्याने घेतली होती. कंपनी डोंगरातल्या सतरा आरोग्य उपकेंद्रांत इंटरनेटवर चालणारे फोन बसवत होती. मोबाइलला रेंज असो नसो, बाळंतिणीसाठी गाडी बोलवायची तर फोन लागला पाहिजे. तो लागतो की नाही, हे रोज तपासायचं काम रोहिदासचं.

सकाळी दहाला तो कानावर हेडफोन चढवी. पहिला कॉल स्वतःलाच. म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरवरून आपल्याच कॉम्प्युटरला. माईक चालतो का, आवाज जातो का, हे बघायला. "चाचणी कॉल, मोखाडा. आवाज येतो का?" असं तो म्हणे आणि अर्ध्या क्षणाने तेच वाक्य त्याच्याच आवाजात त्याच्या कानात परत येई. झालं. मग सतरा उपकेंद्रांना एकेक कॉल, एकेक टिकमार्क, आणि दुपारी ठाण्याला रिपोर्ट.

त्याची बायको हर्षदा खोडाळ्याच्या शाळेत शिकवते. रोज शेअर जीपने जाते-येते. बाई हसरी, आणि त्या हसण्यानेच ह्याच्या पोटात दुखायचं. ती जीपमध्ये पुढे बसली तर ड्रायव्हर कोण होता, मागे बसली तर शेजारी कोण होतं. ती न्हाणीत गेली की हा तिचा मोबाइल उघडून बघायचा. एकदा जीप चुकली म्हणून शाळेतल्या गौतम गुरुजींनी तिला मोटरसायकलवरून घरी आणून सोडलं.

"काय बोलत होतीस त्याच्याशी?"

"गुणपत्रकांचं."

"खोडाळ्यापासून मोखाड्यापर्यंत गुणपत्रकांचंच?"

"मग काय अहो, तुमचं बोलू?"

त्या दिवसानंतर हर्षदा घरात कमी हसायला लागली. ते रोहिदासला कळलं, पण त्याचा अर्थ त्याने वेगळाच लावला. हसणं संपलेलं नाही, दुसरीकडे खर्च होतंय.

२

रिपोर्टात एक दुखणं होतं. सतराही उपकेंद्रांना पहिला कॉल लागतच नसे. रिंग जाई, जाई, आणि तुटे. दुसरा कॉल मात्र लगेच उचलला जाई. सगळीकडे, रोज.

ठाण्याच्या ऑफिसात प्रतिभा मॅडम म्हणून इंजिनिअर होत्या. त्या म्हणाल्या, "रोहिदास, पत्त्यांचं रूप चुकतंय. तू अजून जुने पत्ते टाकतोयस."

पत्त्यांचं थोडक्यात सांगतो, घाबरू नका. इंटरनेटवरच्या प्रत्येक फोनला पत्ता असतो. जुने पत्ते सुटसुटीत, चार आकडे आणि मध्ये टिंबं. नवे पत्ते मालगाडीसारखे लांब, आकडे आणि अक्षरं मिसळलेली आणि मध्ये विसर्गासारखे दोन-दोन ठिपके. हा नवा पत्ता चौकोनी कंसात बंद करावा लागतो. नाही केला तर सॉफ्टवेअरला कळत नाही की पत्ता कुठे संपला आणि दाराचा नंबर कुठे सुरू झाला. मग ते भलत्याच दारात जाऊन उभं राहतं.

रोहिदासने दोन दिवस बसून सतरा पत्ते बदलले, कंस घातले. पहिला कॉल तरीही लागेना. शेवटी तो उठला आणि मोटरसायकल काढून साखरशेतला गेला. तिथल्या उपकेंद्रात झाडलोट करणारी हिरी त्याच्या भावकीतली, लहानपणी ह्याला कडेवर घेतलेली. फोन तिच्या टेबलावर नीट पुसून, वर रुमाल घालून ठेवलेला.

"हिरीकाकी, फोन वाजतो का?"

"वाजतो ना. चांगला वाजतो."

"मग उचलत का नाहीस?"

"उचलते की. दुसऱ्यांदा वाजला का उचलते."

"पहिल्यांदा?"

हिरीने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं त्याने बाराखडी विचारली. "आरं रोह्या, पयल्या हाकंला ओ देत्यात का कुनी? तुझ्या आयनं शिकवला नाय? कोन हाक मारतं ठावं नसतं. दुसऱ्यांदा मारली म्हंजे मानूस."

"काकी, हा फोन आहे."

"मंग? फोनात हाकच आसते ना?"

रोहिदास हसला. सतराही ठिकाणी हेच होतं. पाड्यांवर ठेवलेली माणसं पाड्यांवरचीच, आणि एकाही शहाण्याने पहिली रिंग उचललेली नव्हती. पत्ते आधीपासून बरोबर होते.

निघताना त्याने गंमत म्हणून विचारलं, "आणि कुणी पहिल्याच रिंगला उचलला तर?"

हिरी रुमालाची घडी नीट करत होती. "मानूस नाय उचलायचा," ती म्हणाली. "उचलला, तर तू बोलू नको."

प्रतिभा मॅडम फोनवर दोन मिनिटं हसत होत्या. "हे मी रिपोर्टात काय लिहू? भुताच्या भीतीने कॉल अयशस्वी?" मग म्हणाल्या, "बरं, एक राहिलंय. तुझा स्वतःला करायचा कॉल अजून जुन्या पत्त्यावर आहे. तोही नव्यात बदल."

३

स्वतःचा नवा पत्ता फार छोटा असतो. कंसात दोन विसर्ग आणि एक. असा: [::1]. जगातल्या प्रत्येक कॉम्प्युटरचा स्वतःसाठी हाच. कुठल्याही घरात माणूस "आमच्या घरी" म्हणतो आणि त्याचं त्याला बरोबर कळतं, तसंच.

रोहिदासने तो आधी कंसाशिवाय टाकला. सॉफ्टवेअरने चूक दाखवली. कंस घातले आणि कॉल लावला. सकाळचे दहा वाजून गेले होते, खाली झेरॉक्सचं मशीन घरघरत होतं, कचेरीच्या पायरीवर दाखल्यांसाठी आलेली माणसं बसली होती.

रिंग पुरी वाजलीही नाही. उचलला गेला.

"चाचणी कॉल, मोखाडा. आवाज येतो का?"

अर्धा क्षण गेला. वाक्य परत आलं नाही.

"येतो," कुणीतरी म्हणालं.

आवाज रोहिदासचाच होता.

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. डोकं शाबूत होतं. नवीन पत्ता, नवी गडबड. वाक्याचा पुढचा भाग गिळला, शेवटचा शब्द तेवढा परत फेकला. पण "का?" आणि "येतो" यांत फरक आहे, आणि "का" नंतर "येतो" हा शब्द तर आपण बोललोच नव्हतो. मग कालच्या एखाद्या कॉलचा तुकडा कुठेतरी साचून राहिला असेल. साचतो असा.

त्याने हेडफोन पुन्हा कानाला लावला. लाइन चालूच होती. आत एक खोली होती. खोलीचाही आवाज असतो हे त्याला तेव्हा कळलं. पंखा दर फेऱ्याला एकदा टक करत होता. नळाचं पाणी स्टीलच्या हंड्यात थेंब थेंब पडत होतं. पंखा त्याच्या घरचा होता, नळही त्याच्याच घरचा. आणि त्या दोन्हींच्या मागे, स्वयंपाकघराच्या बाजूला, हर्षदा हसत होती.

पोट भरून, मोकळं, लग्नाच्या पहिल्या वर्षी हसायची तसं.

रोहिदास जिना उतरला तो दोन-दोन पायऱ्या. घर एस.टी. स्टँडच्या मागे, पाच मिनिटांवर. त्या पाच मिनिटांत त्याने गौतम गुरुजींना चार वेळा मारलं. दारापाशी आला तर कुलूप. कुलूप उघडलं, दोन्ही खोल्या पाहिल्या, पलंगाखाली पाहिलं. पंखा बंद. नळाखाली हंडा, हंड्यात थेंब.

त्याने हर्षदाला मोबाइल लावला.

"काय हो? वर्ग चालू आहे." तिच्यामागे पोरं सातचा पाढा ओरडत होती.

"काही नाही. सहज."

"सहज?" ती म्हणाली. "मी वर्गातच आहे. ऐका हवं तर पाढा." आणि तिने फोन तसाच धरला. सात पंचे पस्तीस. सात सक बेचाळीस. तिने संशय ओळखला होता आणि त्याला पोरांच्या तोंडून उत्तर दिलं होतं.

४

शहाणा माणूस असता तर पुन्हा त्या पत्त्यावर गेला नसता. रोहिदास रोज जायला लागला. सतरा उपकेंद्रं नंतर, आधी हे. माईक बंद करून तो नुसता ऐके.

तिथे ती असे आणि एक माणूस असे. पहिले दोन दिवस तो माणूस हळू बोले, भांड्यांच्या आवाजात शब्द विरून जात. तिसऱ्या दिवशी स्पष्ट आला.

"तू बस. भाकरी मी टाकतो."

"तुम्हाला जमेल?"

"नाही जमली तर हस."

आणि ती हसली.

रोहिदासचे कान तापले. वाक्य त्याच्या आवाजात होतं, पण ते त्याने जन्मात कधी म्हटलं नव्हतं. त्यानंतर हर्षदा त्या माणसाला कायकाय सांगत गेली. शाळेत सुकी नावाची मुलगी आहे, तिला चित्रं येतात, तिला जव्हारला स्पर्धेला न्यायचंय. आपल्याला मोटरसायकल शिकायचीय. कधीकधी घरी यायला भीती वाटते.

"कुणाची?" त्या माणसाने विचारलं.

"जाऊ दे ना. आता नाही वाटत."

यातलं एक अक्षरही तिने रोहिदासला सांगितलेलं नव्हतं. गौतम गुरुजींचं बरं होतं, त्यांना एक वेळ शाळेच्या फाटकाशी धरून दोन देता आल्या असत्या. ह्याला कुठे धरायचं? ह्याचा आवाजही आपलाच. आपल्याच आवाजात कुणी आपल्या बायकोला हसवतोय, आणि आपल्यापेक्षा चांगलं हसवतोय, हा जळफळाट कुणापाशी बोलायचा?

त्याने प्रतिभा मॅडमना विचारून पाहिलं. "मॅडम, स्वतःच्या पत्त्यावर दुसरं कुणी असू शकतं का?"

"कसं असेल? तो कॉल मशीनच्या बाहेरच पडत नाही."

"मग आत कोण असेल?"

"तू," मॅडम म्हणाल्या. "रोहिदास, सुट्टी घेतोस का दोन दिवस?"

५

त्या संध्याकाळी तो लवकर घरी गेला. हर्षदा परात घेऊन बसत होती. पीठ नागलीचं, लालसर. रोहिदास दारात उभा राहिला, दोनदा खाकरला आणि तोंडपाठ केलेलं वाक्य म्हणाला.

"तू बस. भाकरी मी टाकतो."

हर्षदाने वर पाहिलं. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. "आज पुन्हा? राहू द्या हो, काल टाकल्यात तेवढ्या बास. अजून दोन शिल्लक आहेत."

काल आठपर्यंत तो ऑफिसात होता.

"मी टाकल्या?"

"मग मी? मला इतक्या जाड येत नाहीत." ती हसली. थोडंसंच, पण हसली. "आणि सुकीचं मी मुख्याध्यापकांना विचारलं बरं का, तुम्ही म्हणालात तसं."

ती पाणी आणायला मागे गेली तेव्हा त्याने टोपली उघडली. फडक्याखाली दोन भाकरी होत्या, जाड, कडेला थापताना उमटलेले अंगठे. पुरुषाचे, रुंद. रोहिदासने आपला अंगठा त्यातल्या एका खळग्यावर ठेवला. तो तिथे नेमका बसला. नखाजवळ विळ्याचा जुना व्रण होता, त्याची रेघही भाकरीत होती.

एवढ्यावरून माणसाला धीर यायला हवा होता. आपणच टाकल्या असतील, विसरलो असू. बायको खूश आहे, अजून काय हवं? पण रोहिदासला धीर आला नाही. त्याने त्या दोन्ही भाकरी कुस्करून मागच्या बाजूला कोंबड्यांना टाकल्या. परत येऊन तो हर्षदावर ओरडला, काल इथे कोण होतं, खरं सांग.

तिचं हसणं जागच्या जागी विझलं. "हे बघा," ती हळू म्हणाली, "तुम्ही काल किती चांगले होतात. रोज कालच्यासारखे का नाही राहत?"

६

दुसऱ्या दिवशी त्याने माईक चालू ठेवूनच कॉल लावला. रिंग अर्धीही वाजली नाही.

"माझ्या घरातून बाहेर हो!"

पंखा टक करत होता. त्या बाजूला कुणी श्वास घेत होतं, सावकाश, खारी भिजायची वाट बघावी तसं. मग लाइन तुटली. रोहिदासने पुन्हा लावली. लागेना. जुना पत्ता टाकला, नवा टाकला, कंस काढले, घातले. काही केल्या लागेना. पाच दिवस तो पत्ता मुका होता, आणि त्या पाच दिवसांत हर्षदाही घरात मुकी होती. आता ती त्याच्याशी जेवायला या आणि दिवा घालवा एवढंच बोले. तिने भावाला फोन केला होता. सोमवारी ती माहेरी जाणार होती, परत कधी येणार ते तिने सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी साडेचारला, रिपोर्ट पाठवून झाल्यावर, त्याच्या कॉम्प्युटरवर रिंग आली.

त्या कॉम्प्युटरवर कधी रिंग येत नसे. सगळे कॉल तोच करी. पडद्यावर कॉल करणाऱ्याचा पत्ता होता. कंस, दोन विसर्ग, एक.

साखरशेतचा पोर होता तो. आईने शिकवलेलं होतं, हिरीकाकीने पुन्हा शिकवलं होतं. एक रिंग जाऊ द्यायची. तुटू द्यायची. माणूस असेल तर पुन्हा करील. हात मांडीखाली दाबून बसला असता तरी चाललं असतं. पण आत हर्षदा हसत असेल तर? त्याला काही सांगत असेल, आणि आपलं तेवढं ऐकायचं राहून जाईल?

पहिली रिंग संपायच्या आत त्याने उचलला.

"चाचणी कॉल, मोखाडा," त्याचा आवाज म्हणाला. "आवाज येतो का?"

"येतो," रोहिदास म्हणाला. असं विचारल्यावर हेच म्हणायचं असतं, हे जिभेला सवयीने ठाऊक.

पलीकडे टिकमार्क केल्यासारखा एक बारीक टक झाला. मग रस्ता ऐकू आला. जीपचा हॉर्न, खोडाळा खोडाळा म्हणून ओरडणारा माणूस, झेरॉक्सची घरघर. हेच सगळं त्याच्या खिडकीबाहेरही होतं. रोहिदास हेडफोनसकट उठला. वायर पुरली तेवढा खिडकीशी गेला.

खाली खोडाळ्याची जीप थांबली होती. हर्षदा उतरत होती. तिची पिशवी घ्यायला एक माणूस पुढे झाला. निळा शर्ट, पाठमोरा. आपली पाठ आपण कधी बघत नाही, त्यामुळे रोहिदासला ती ओळखू आली नाही. खांद्यावरची शिवण तेवढी ओळखू आली. तो शर्ट तिथे उसवला होता आणि निळा दोरा नव्हता म्हणून हर्षदाने काळ्याने शिवला होता. त्याने आपल्या खांद्याला हात लावला. काळा दोरा हाताला लागला.

"हर्षदा!" तो ओरडला.

ती थबकली. मान मात्र वळवली नाही. तीही पाड्यावर वाढलेली, पहिल्या हाकेला वळणारी नव्हेच. ती उभी राहिली, पिशवीचा एक बंद अजून तिच्या हातात, दुसरी हाक येते का बघत.

रोहिदासने तोंड उघडलं. हाक घशातून निघाली आणि वायरीत गेली.

"हर्षदा," तिच्याशेजारचा माणूस म्हणाला.

"ओ," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे बघून हसली.

७

आता यातलं मी रचलेलं काय, ते सांगून टाकतो. एकच गोष्ट.

टपरीवर माझ्यासमोर बसून रोहिदासने हे सांगितलं, ते खोटं. टपरीवर तो येतो, रोज येतो. खुशीत असतो. हर्षदा सोमवारी माहेरी गेली नाही. तिने मोटरसायकल शिकून घेतली, सुकीला जव्हारला नेऊन बक्षीस मिळवून आणलं, आणि साडेपाच वाजले की हा चहा अर्धा टाकून उठतो, घरी भाकरी टाकायच्या असतात म्हणून. बायकोच्या मोबाइलला हात लावत नाही. अख्खा मोखाडा म्हणतो, माणूस सुधारला. असलं काही त्याने मला कधी सांगितलेलं नाही.

हे सगळं मी फोनवर ऐकलं. गुरुवारी, माझ्या मोबाइलवर. नंबरच्या जागी नुसते ठिपके होते. रोहिदासचाच आवाज, रडवेला, घाईघाईचा, मागे कुठेतरी नळाचं पाणी थेंब थेंब. आणि तो बोलत होता तेवढा सगळा वेळ रोहिदास माझ्यासमोर बाकावर बसून, दोन्ही हातांनी ग्लास धरून, खारी विरघळताना बघत होता.

त्याने सुरुवातीला विचारलं होतं, आवाज येतो का. मी येतो म्हणालो. रिंग पहिलीच होती.

काल घरी पोचलो तर बायको शेजारच्या फागीला अंगणात सांगत होती, "हल्ली ह्यांनी थापा मारणं सोडलंय बाई. किती गोड वाटतं, खरं बोलणारा माणूस घरात असला की."

मी अजून थापा मारणं सोडलेलं नाही.